जुळाऱ्याचे यंत्र : मार्क ट्वेनचा बुडालेला उद्योग आणि त्याची पुस्तके

लेखकाला व्यवहार कळत नाही, हा समज आपल्या साहित्यविचारात इतका मुरलेला आहे की त्याला पुरावा मागावा असे कुणाला वाटत नाही. कुणी मागितलाच, तर जी नावे पुढे केली जातात त्यांत मार्क ट्वेनचे नाव हमखास असते. कथा साधारण अशी सांगितली जाते : एक थोर विनोदकार यंत्राच्या नादी लागला, एका गोडबोल्या संशोधकाने त्याला पुरता धुतला, त्याचे दिवाळे निघाले, मग म्हातारपणी जगभर व्याख्याने देत फिरून त्याने पै न् पै फेडली आणि तो आपल्या लेखणीकडे परतला. या कथेत एक सोयीस्कर उपदेशही दडलेला आहे. लेखकाने लिहावे, कारखानदारीच्या वाटेला जाऊ नये. तौलनिक साहित्याच्या अभ्यासपत्रिकेच्या निमित्ताने ट्वेन वर्गात आला की आम्हीही बरीच वर्षे हीच कथा सांगत आलो. विद्यार्थ्यांना ती आवडते, तास रंगतो. अलीकडे मात्र ती सांगताना जीभ अडखळते. कारण त्याच्या आयुष्याचा क्रम नीट लावून पाहिला, तर यंत्राचा नाद ही त्याच्या लेखनजीवनातली आगंतुक घटना वाटतच नाही. ज्या खोलीतून त्याचे गद्य आले, त्याच खोलीतून ते यंत्रही आले आहे. ती खोली म्हणजे छापखाना.

सॅम्युएल क्लेमेन्सचा जन्म १८३५ चा, मिसुरी राज्यातला. १८४७ मध्ये वडील वारले आणि पुढल्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा हॅनिबल गावच्या एका वृत्तपत्राच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. पुढे थोरल्या भावाच्या, ओरायनच्या, पत्रात तो खिळे जुळवू लागला आणि मधूनमधून मजकूरही लिहू लागला. १८५३ मध्ये घर सोडून सेंट लुइस, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा गावी तो पोटासाठी गेला, तोही जुळारी म्हणूनच. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नाही. भाषेचे जे शिक्षण झाले ते खिळ्याखिळ्याने, उलट्या अक्षरांतून झाले. दुसऱ्याचे वाक्य एकेका अक्षराने हातात घेणाऱ्याला शब्दांचे वजन अक्षरशः कळते. पाल्हाळ किती जड असतो हे त्याच्या बोटांना ठाऊक असते. ट्वेनच्या गद्याचा काटकपणा सांगताना आपण मिसिसिपी नदीचा, तिच्यावरल्या नावाड्यांचा आणि सीमाप्रदेशातल्या गप्पाष्टकांचा उल्लेख करतो. तो योग्यच आहे, पण छापखान्याला विसरतो.

आगबोटीवरील वाटाड्याची चार वर्षे यादवी युद्धामुळे १८६१ मध्ये संपली. नेवाडात चांदीच्या खाणींनी निराशा केली आणि १८६२ मध्ये व्हर्जिनिया सिटीच्या 'टेरिटोरियल एंटरप्राइज' या पत्रात तो बातमीदार झाला. 'मार्क ट्वेन' हे नाव त्याने १८६३ च्या फेब्रुवारीत तेथेच घेतले. बातमीदार म्हणून तो फारसा विश्वासू नव्हता. अश्मीभूत मानवाची आणि कुठल्याशा भयंकर हत्याकांडाची धादांत खोटी बातमी त्याने रचून छापली होती. पण याच काळातली एक न छापलेली बातमी आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. १८६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या 'मॉर्निंग कॉल'मध्ये असताना, काही गुंड एका चिनी माणसाला दगड मारीत आहेत आणि पोलीस शिपाई मजेत बघत उभा आहे, हे त्याने पाहिले. संतापून सगळे लिहून काढले. दुसऱ्या दिवशी अंकात ती बातमी नव्हती. पत्राच्या वाचकवर्गाला ती रुचणार नाही, असे संपादकाचे म्हणणे पडले. ही आठवण त्याने आत्मचरित्रासाठी सांगितली ती चाळीस वर्षांनी. कागद, खिळे आणि यंत्र ज्याच्या मालकीचे, काय छापायचे हे तोच ठरवतो, हा धडा त्याला त्या दिवशी मिळाला की नाही हे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. पुढे मात्र तो मालकीच्या मागे लागला, हे खरे.

आपल्याकडच्या वाचकांना यात परके काहीच वाटू नये. सरकारी नोकरीच्या काळात 'निबंधमाला' काढणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर पुढल्या काही वर्षांत चित्रशाळा, किताबखाना आणि आर्यभूषण छापखाना उभा करतात, ते काय हौस म्हणून? एकोणिसाव्या शतकात ज्याला स्वतःचे म्हणणे मांडायचे होते, त्याला शिळाप्रेस, शिसे आणि शाई यांचा हिशेब ठेवावाच लागे. लेखक आणि मुद्रक यांची फारकत ही पुष्कळ नंतरची गोष्ट.

'द इनोसन्ट्स अब्रॉड' हे १८६९ चे पुस्तक म्हणजे मुळात 'आल्टा कॅलिफोर्निया' पत्रासाठी पाठवलेली बातमीपत्रे. पुस्तक तुफान खपले. त्याच वर्षी ट्वेनने 'बफेलो एक्स्प्रेस' या दैनिकात भागी घेतली आणि १८७१ मध्ये ती विकून पत्रकारितेची रोजची नोकरी कायमची सोडली. येथून पुढे पुस्तके आणि यंत्रे ही दोन्ही खाती जोडीने चालतात. १८७१ मध्ये कपड्यांच्या पट्ट्यासाठी त्याने पेटंट घेतले. १८७३ मध्ये कात्रणे चिकटवण्याच्या वहीसाठी घेतले. त्या वहीत गोंद आधीच लावलेला असे, नुसते पाणी लावायचे. ही वही चांगली विकली गेली. कात्रणे कापून ठेवण्याचा उद्योग पत्रकाराइतका कोण करतो? १८७४ मध्ये त्याने टंकलेखन यंत्र घेतले. हार्टफर्डच्या घरी टेलिफोन आला तोही फार लवकर. १८८४ मध्ये भाचजावई चार्ल्स वेब्स्टर याच्या नावाने त्याने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. 'हकलबरी फिन'ची अमेरिकी आवृत्ती १८८५ च्या फेब्रुवारीत तिनेच प्रसिद्ध केली आणि पाठोपाठ माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या आठवणींचे दोन खंड. ग्रँट घशाच्या कर्करोगाने मरत होते, दिवाळ्यात निघालेले होते आणि पत्नीसाठी काहीतरी ठेवून जावे म्हणून लिहीत होते. १८८६ मध्ये ग्रँटबाईंना मानधनाचा जो पहिला धनादेश मिळाला तो दोन लाख डॉलरचा होता. लेखकाला व्यवहार कळत नाही म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांआड करू नये.

आता ते यंत्र. जेम्स पेज हा संशोधक हार्टफर्डच्या कोल्ट शस्त्र-कारखान्यात खिळे जुळवणारे यंत्र बनवीत होता. १८८० मध्ये ट्वेनने त्यात पहिल्यांदा थोडे पैसे घातले. १८८६ पासून तर यंत्र पूर्ण होईपर्यंतचा खर्च त्याने स्वतःच्या अंगावर घेतला. खर्च महिन्याला सुमारे तीन हजार डॉलरच्या घरात जाई. पुस्तकांचे उत्पन्न गेले, प्रकाशनाचा नफा गेला, बायकोच्या वारशाचा मोठा भाग गेला. एकूण नुकसान दोन लाख धरावे की तीन, यावर चरित्रकारांचे एकमत नाही.

हे यंत्र काय करी, ते समजून घेतल्याशिवाय पुढची शोकांतिका कळणार नाही. त्या काळी जुळारी उभ्याने काम करी. खणाखणांच्या केशीतून एकेक खिळा उचलायचा, स्टिकमध्ये लावायचा, ओळ भरली की शब्दांमधली जागा कमीजास्त करून दोन्ही कडा सारख्या करायच्या; छपाई झाली की तेच खिळे पुन्हा सोडवून आपापल्या खणात टाकायचे. सोडणीचे हे काम कंटाळवाणे, बहुधा पोरासोरांच्या गळ्यात पडणारे. आमच्या लहानपणी लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यांत आम्ही ते होताना पाहिले आहे. देवनागरीची केस जोडाक्षरांमुळे याहून कितीतरी मोठी, जुळाऱ्याचे हात आडवे-उभे सगळीकडे फिरत. (आपल्या लिपीला लायनोटाइपवर बसवण्याचा हरि गोविंद गोविल यांचा प्रयत्न १९३० च्या दशकातला आहे. त्याचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय होय.) पेजचे यंत्र या सगळ्या क्रिया हुबेहूब करी. खिळा उचलणे, लावणे, ओळ समान करणे, वापरलेले खिळे सोडवून परत खणात टाकणे, सारे एकाच वेळी. त्यासाठी त्यात सुमारे अठरा हजार सुटे भाग होते. ५ जानेवारी १८८९ रोजी यंत्राने पहिली ओळ आपोआप समान केली तेव्हा ट्वेनने वेळ टिपून ठेवली आणि ओरायनला पत्र लिहिले. जगाच्या इतिहासात हे प्रथमच घडले, असे त्याला वाटत होते. ज्याने लहानपणी ती ओळ बोटांनी समान केली, त्याचा आनंद समजण्यासारखा आहे.

आणि घात नेमका इथेच झाला, असे आमचे मत आहे. तिकडे बाल्टिमोरमध्ये ओटमार मर्गेनथालर नावाचा एक जर्मन घड्याळजी याच प्रश्नाशी झगडत होता. तो जुळारी नव्हता. म्हणून त्याला खिळ्याची माया नव्हती. त्याच्या यंत्रात खिळेच नाहीत. कळ दाबली की अक्षरांचे साचे एका रांगेत येतात, त्यांवर वितळलेले शिसे ओतले जाते आणि अख्खी ओळ एका तुकड्यात बाहेर पडते. काम झाले की ओळ परत भट्टीत. खिळे सोडवण्याचा प्रश्न सुटला नाही, उरलाच नाही. ३ जुलै १८८६ रोजी 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'मध्ये हे यंत्र चालू झाले. म्हणजे ट्वेन ज्या वर्षी पेजच्या यंत्राला पुरता बांधला गेला, त्याच वर्षी ते यंत्र तत्त्वतः हरलेले होते. ट्वेनला मुद्रणातले काही कळत नव्हते म्हणून तो फसला नाही. फार कळत होते म्हणून फसला. माणसाच्या हातांची नक्कल म्हणजेच यंत्र, ही कल्पना त्याच्या हातांनीच त्याला दिली होती.

गंमत अशी की भाषेच्या बाबतीत हाच माणूस मर्गेनथालरच्या बाजूचा आहे. 'हकलबरी फिन'मध्ये त्याने इंग्रजी साहित्यगद्याची ठरीव, तयार वाक्ये सोडून दिली आणि एका अशिक्षित पोराच्या तोंडी ओळ थेट बोलीतून ओतली. हे रूपक फार ताणू नये, हे आम्हांला कळते. तरी १८८५ मध्ये गद्यात जे धाडस त्याने केले, ते १८८६ मध्ये कारखान्यात त्याला सुचू नये, याचे आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही.

दुसरी विसंगती अधिक बोचरी आहे. १८८६ च्या मार्चमध्ये हार्टफर्डच्या एका मित्रमंडळात त्याने 'द न्यू डायनेस्टी' हा निबंध वाचला. कामगार संघटनांच्या इतक्या मोकळ्या समर्थनाचा मजकूर त्या काळच्या सुखवस्तू दिवाणखान्यात क्वचितच ऐकू आला असेल. आजवर सत्ता मूठभरांची होती, आता श्रम करणाऱ्यांचे राज्य येणार, असा त्याचा आशय. आणि पेजच्या यंत्राचे गुण सांगताना हाच ट्वेन नमूद करतो की ते दारू पीत नाही आणि मुद्रकांच्या संघटनेत सामील होत नाही! दोन्ही वाक्ये एका जुन्या जुळाऱ्याची आहेत. हा निव्वळ दांभिकपणा होता असे म्हणून मोकळे होता येते, पण आम्हांला तसे वाटत नाही. त्याने दोन्ही मनापासून म्हटले, आणि ती एकत्र कशी नांदणार याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. ते कुठे सापडत असेल तर त्याच्या कादंबरीत सापडते.

'अ कनेक्टिकट यँकी इन किंग आर्थर्स कोर्ट' ही ती कादंबरी, १८८९ ची. पेजचे यंत्र आणि हे पुस्तक एकाच दिवशी पुरे व्हावे, अशी ट्वेनची इच्छा होती. कादंबरीचा नायक हँक मॉर्गन हा हार्टफर्डच्या शस्त्र-कारखान्यातला मुकादम. म्हणजे ज्या छताखाली पेजचे यंत्र घडत होते तेथलाच म्हणायचा. डोक्यात घाव बसून तो सहाव्या शतकातल्या इंग्लंडात जागा होतो. सत्ता हाती आल्यावर पहिली गोष्ट कोणती करतो? पेटंट कचेरी उघडतो. मग शाळा, तारायंत्र, टेलिफोन आणि वृत्तपत्र. पहिला अंक चुकांनी भरलेला निघतो, खिळे उलटेसुलटे लागलेले. त्या पानाचे वर्णन वाचताना लेखक किती सुखात आहे हे कळते. येथवर कादंबरी म्हणजे उद्योजकाचे स्वप्नरंजन. पण शेवटाकडे काय होते? हँक आणि त्याचे बावन्न पोरगे विजेच्या तारा आणि यंत्रबंदुका यांच्या जोरावर पंचवीस हजार सरदार मारतात आणि त्या प्रेतांच्या कोटात स्वतःच कोंडले जातात. कुजत्या हवेने जिंकणारे आजारी पडतात. विनोदी कादंबरीचा असा शेवट का, यावर समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. जस्टिन कॅप्लन यांनी १९६६ च्या चरित्रात यंत्राचे वेड आणि कादंबरी यांचा धागा जोडून दाखवला, तो आम्हांला पटतो. मात्र क्रमाकडे लक्ष द्यावे. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा यंत्र बुडालेले नव्हते. ट्वेन त्या वेळी आशेच्या शिखरावर होता. म्हणजे हा शेवट अपयशाच्या कडवटपणातून आलेला नाही. गुंतवणूकदाराला जे दिसत नव्हते, ते कादंबरीकाराला आधीच दिसले होते. साहित्याच्या विद्यार्थ्याने थांबून विचार करावा अशी ही जागा आहे.

पुढचे लवकर सांगता येते. १८९१ मध्ये खर्च परवडेना म्हणून हार्टफर्डचे घर बंद करून कुटुंब युरोपात गेले. हप्त्यांनी विकल्या जाणाऱ्या अमेरिकन साहित्याच्या अकरा खंडांत प्रकाशनसंस्थेचे भांडवल अडकून पडले, पोप तेरावे लिओ यांचे चरित्र अपेक्षेइतके खपले नाही, त्यातच १८९३ ची मंदी आली आणि १८ एप्रिल १८९४ रोजी संस्थेचे दिवाळे निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस 'शिकागो हेरल्ड'मध्ये पेजच्या यंत्राची परीक्षा झाली. चालले तेव्हा ते सुंदर चालले. पण मोडू लागले की दुरुस्तीला कसबी माणूसच हवा. लायनोटाइप तोवर शेकडो कचेऱ्यांत रुळले होते. स्टँडर्ड ऑइलचे बडे अधिकारी हेन्री रॉजर्स यांनी ट्वेनचा कारभार हाती घेतला आणि पुस्तकांचे हक्क पत्नीच्या नावे करून घेतले. याच रॉजर्सची आणि इडा टार्बेल या पत्रकार स्त्रीची गाठ पुढे ट्वेननेच घालून दिली. स्टँडर्ड ऑइलची लक्तरे वेशीवर टांगणारा तिचा इतिहास १९०४ मध्ये ग्रंथरूपाने आला. असो.

कायद्याने सगळे कर्ज फेडण्याची गरज नव्हती. ट्वेनने ते पुरते फेडायचे ठरवले आणि १८९५ च्या जुलैत, साठीच्या उंबरठ्यावर, तो व्याख्यानांच्या दौऱ्यावर निघाला. १८९६ च्या जानेवारीत तो मुंबईस उतरला. मुक्काम वॉटसन्स हॉटेलात, व्याख्याने नॉव्हेल्टी नाट्यगृहात. त्याच हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईकरांनी प्रथम पाहिला आणि काही दिवसांत ते खेळ नॉव्हेल्टीत हलले. यंत्रामुळे बुडालेला मनुष्य सहा महिने आधी तेथेच तोंडी गोष्टी सांगून पैसे मिळवीत होता, हा योगायोग आम्हांला सोडवत नाही.

या दौऱ्याचे पुस्तक म्हणजे १८९७ चे 'फॉलोइंग द इक्वेटर'. ते थोर पुस्तक नाही, हे मान्य करू. पानेच्या पाने इतरांच्या ग्रंथांतून उचललेली आहेत. ठगांवरचा भाग स्लीमनच्या आधारावर उभा आहे. कर्ज फेडण्यासाठी जाडी वाढवलेली दिसते. पण मुंबईच्या हॉटेलातला एक प्रसंग पाहावा. खोली दाखवायला आलेला धिप्पाड जर्मन, काहीतरी मनासारखे झाले नाही म्हणून, नोकराच्या जबड्यावर एक ठोसा लगावतो आणि मग काय चुकले ते सांगतो. नोकर मुकाट सोसतो. ट्वेनचे मन क्षणात पन्नास वर्षे मागे, मिसुरीत जाते. घरच्या गुलाम पोराला मारणारे त्याचे वडील, एरवी शांत आणि न्यायी म्हणून ओळखले जाणारे. आणि लोखंडाच्या ढेकळाने गुलामाचा जीव घेणारा गावातला एक मनुष्य, हे त्याला आठवते. गावात कुणाला ती हत्या पटली नव्हती, पण कुणी फारसे बोललेही नाही, हेही तो लिहितो.

सॅन फ्रान्सिस्कोत १८६४ साली जी बातमी छापली गेली नाही, तीच ही बातमी आहे, असे आम्हांला वाटते. एक जण मारतो आहे, बाकीचे बघत आहेत. फरक इतकाच की या वेळी बघणाऱ्यांत आपले स्वतःचे घर होते, हे बातमीदाराने लपवलेले नाही. मधल्या तेहतीस वर्षांत त्याने छापखाना घेतला, घालवला, यंत्र घडवले, गमावले. ही नजर गहाण पडली नव्हती.

दौरा संपवून तो इंग्लंडात पोचला आणि १८ ऑगस्ट १८९६ रोजी थोरली मुलगी सूझी हार्टफर्डच्या घरी मेंदूज्वराने गेली. आईबाप समुद्रापलीकडे होते. १८९८ च्या आरंभी कर्ज फिटले. मग तो लेखणीकडे 'परतला' का? त्याच वर्षी व्हिएन्नात यान श्चेपानिक या संशोधकाच्या विणकामाच्या यंत्राचे हक्क मिळवण्यासाठी त्याची बोलणी सुरू झाली होती. रॉजर्सनी आवरले म्हणून बरे. पुढे प्लाझ्मॉन नावाच्या दुधाच्या भुकटीतही त्याने पैसे घातले, तेही बुडाले.

पेजची यंत्रे दोनच तयार झाली. एक कॉर्नेल विद्यापीठाकडे गेले होते. दुसऱ्या महायुद्धात भंगार गोळा करण्याच्या मोहिमेत ते मोडीत निघाले. दुसरे हार्टफर्डला ट्वेनच्या घराशेजारच्या संग्रहालयात आहे. सूझी गेल्यावर क्लेमेन्स कुटुंब त्या घरात पुन्हा राहावयास गेले नाही. १९०३ मध्ये ते विकले गेले.